नकाशाच्या कोपऱ्यात

“तेवढा अंगठा काढता का, मिस्टर बोकारे?”

नकाशा बरेच दिवस गुंडाळून ठेवलेला असावा, टेबलावर सरळ पडतच नव्हता. तीन कोपऱ्यांवर त्या दोघांनी कॉफीचे मग ठेवले होते आणि चौथा कोपरा मी दाबून धरला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. समोरच्याची अडचण दिसली की हात पुढे करायचा, ही आमच्या घरची सवय. त्या दिवशी मी एवढीच मदत केली, आणि तीही चुकीच्या बाजूला.

मी अंगठा काढला. त्याखाली मुगाच्या दाण्याएवढं, काळ्या शाईतलं अक्षर होतं: श्री.

“हे अरबी आहे का?” दोघांपैकी उंच माणसाने विचारलं.

ऑक्टोबर २००१. ह्यूस्टनमधलं आमचं ऑफिस, सातव्या मजल्यावरची कॉन्फरन्स रूम. एचआरची कॅरल भिंतीशी खुर्ची ओढून बसली होती. ते दोघे कुठल्या खात्याचे हे तिने सांगितलं होतं, पण माझ्या कानात शिरलं नाही. मी एच-वन व्हिसावर होतो, ग्रीन कार्डाचा अर्ज कुठल्याशा ढिगात पडून होता. अशा माणसाला फक्त ‘सरकार’ एवढंच ऐकू येतं.

मी काय उत्तर दिलं ते सांगतोच. पण आधी नकाशाचं सांगतो. खरं म्हणजे उत्तर लांबवतोय. सात वर्षं तेच करत आलोय.

नकाशा नबील हम्वींचा होता. हम्वी मूळचे दमास्कसचे, विजेच्या जाळ्यांचे इंजिनियर, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. आमची कंपनी तेव्हा आखाती देशांची वीज एकमेकांना जोडता येईल का, याचा प्राथमिक अभ्यास करत होती. हम्वी त्याचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. मी नागपूरचा, कोराडीच्या वीज केंद्रात सात वर्षं काढलेला, त्यामुळे आमची भाषा जुळली. रोज दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्या बायकोच्या, मालिनीच्या हातचं भरलं वांगं त्यांना इतकं आवडायचं, की ती डब्यात दोन वांगी जास्त घालायची.

एकदा जेवताना ते म्हणाले, “दिगंबर, मी बारा वर्षांचा होतो तेव्हा सीरिया आणि इजिप्त एक देश झाले. खरंच एक. झेंड्यावर दोन तारे, एक आमचा, एक त्यांचा. मास्तरांनी नकाशात दोन्ही देश एकाच रंगाने रंगवायला लावले. माझी हिरवी पेन्सिल संपून गेली.”

“मग?”

“मग तीन वर्षं सात महिने. एका सकाळी रेडिओने सांगितलं, संपलं. आईने नवी पेन्सिल आणून दिली होती रे.”

“मोडलं कशामुळे?”

“मोठा भाऊ सगळं आपणच ठरवायला लागला की मोडतं.”

“आमच्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात,” मी म्हणालो.

तो शब्द त्यांना फार भावला. ‘बावबंदकी’ म्हणायचे. आखातातल्या सगळ्या देशांची वीज पन्नास हर्ट्झवर आणि एकट्या सौदीची साठवर, हा आमच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा अडथळा. तो विषय निघाला की हम्वी मीटिंगमध्ये माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, “बावबंदकी.” मग मी त्यांना ह्यूस्टनच्या आमच्या मराठी मंडळाची हकिकत सांगितली. दीडशे कुटुंबं, दोन मंडळं, दोन गणपती. कारण एका वर्षी मोदक विकतचे आणायचे की घरोघरी करायचे, यावर अध्यक्ष आणि कोशाध्यक्षांचं वाजलं. हम्वी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “म्हणजे तुम्हीही अरबच,” म्हणाले.

त्या मार्चमध्ये जॉर्डन आणि सीरियाची वीज जोडली गेली. इजिप्त आणि जॉर्डनची आधीच जोडलेली होती. म्हणजे कैरो आणि दमास्कस चाळीस वर्षांनी पुन्हा एका जाळ्यात आले. त्या सकाळी हम्वी खजूर घातलेल्या बिस्किटांचा डबा घेऊन सगळ्या मजल्यावर फिरले. कुणाला काही कळलं नाही, बिस्किटं मात्र संपली. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मला एक नकाशा काढून देशील? कॉम्प्युटरवर नको, हाताने. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत. जोडलेल्या वाहिन्या लाल, जोडायच्या राहिलेल्या हिरव्या तुटक रेघांच्या.”

“आणि देशांच्या सीमा?”

“त्या नको. वीज कुठे पासपोर्ट दाखवते?”

मी दोन शनिवार खर्च केले. उपकेंद्रांच्या जागी गोल, त्यात ठिपका. कोराडीत शिकलेली जुनी पद्धत. आणि कागद कोरा असतानाच, डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात श्री. आमच्या वडिलांनी, अप्पांनी लावलेली सवय. किराण्याची यादी असो की चारशे केव्हीची वाहिनी, पहिल्यांदा श्री. हम्वींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, काम नीट तडीस जावं म्हणून आम्ही हे लिहितो. त्यांनी त्या अक्षरावर अलगद बोट ठेवलं. “मग राहू दे,” म्हणाले, “या कामाला लागेलच.”

सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले आणि मजल्यावरच्या कुणाला तरी तो नकाशा आठवला. अरबांचा मुलूख, सीमा गायब, लाल रेघा आणि नेम धरल्यासारखे गोल. आणि कोपऱ्यात एक अक्षर, कुणालाच न कळणारं.

“हे अरबी आहे का?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“नकाशा कुणी काढलाय, काही कल्पना?”

“नाही. त्यांचं काहीतरी खाजगी असेल.”

“तुमची मैत्री आहे त्यांच्याशी?”

“एका प्रोजेक्टवर आहोत.”

“जेवता एकत्र?”

“कधीतरी.”

एवढंच. आभार मानून त्यांनी मला सोडलं. कॅरलने दार उघडून धरलं आणि मी तिला थँक यू म्हणालो.

काय बोलायला हवं होतं ते मला लिफ्टपर्यंत पोचायच्या आतच सुचलं होतं. हे अक्षर माझं आहे. मी हिंदू आहे, आम्ही कामाच्या सुरुवातीला हे लिहितो. नकाशा मी काढलाय आणि लाल रेघा विजेच्या तारा आहेत. दोन मिनिटांचं काम. त्या दिवसांत आम्ही सगळेच, दुकानात, पेट्रोल पंपावर, कुणी विचारो न विचारो, आम्ही इंडियन, अरब नाही, हे सांगत सुटलो होतो. माझ्या कॅमरी गाडीच्या काचेवर मी स्वतः अमेरिकेचा झेंडा चिकटवला होता. आणि जिथे ते सांगून दुसऱ्या माणसाचा जीव भांड्यात पडला असता, नेमकं तिथे मला माझीच लिपी ओळखता आली नाही. मला लाज वाटली. आजही वाटते, आणि ती काही कमी होत नाही.

घरी मालिनीला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता थांबली. “अरे, मग तू खरं सांगितलंस ना?”

“आपलं ग्रीन कार्ड अडकलं असतं.”

“श्री लिहिलं म्हणून?”

मी ताटं मांडायला घेतली. तिनेही पुढची पोळी लाटायला घेतली. त्या दिवशी ती मला टाकून बोलली असती तर बरं झालं असतं.

हम्वी रजेवर आहेत असं ऑफिसात सांगण्यात आलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते एकदाच आले, सामान घ्यायला. दोन खोकी आणि बरोबर एक सिक्युरिटीवाला. मला काचेतून ते येताना दिसले आणि मी मोठे नकाशे छापायच्या प्लॉटरच्या खोलीत शिरलो. कागद अडकल्याचं निमित्त करून झाकण उघडलं आणि पाऊण तास त्या मशीनच्या पोटात बघत उभा राहिलो. बाहेर आलो तर माझ्या टेबलावर मालिनीचा स्टीलचा डबा. त्यांच्याकडे राहिलेला. आत खजूर होते. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी हम्वींच्या जागी मला बसवलं. अभ्यासाच्या अहवालावर माझं नाव छापलं गेलं. ग्रीन कार्ड आलं, शुगर लँडमध्ये घर झालं, गॅरेजमध्ये दुसरी गाडी आली. माणसाचं सगळं व्यवस्थित चालू राहतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. एकच गोष्ट झाली. माझ्या हातून श्री लिहिलं जाईना. नवा कागद घेतला की हात कोपऱ्याकडे जायचा आणि मग सरळ मधूनच सुरुवात करायचा. घराच्या वास्तुशांतीची यादी मी केली तेव्हा मालिनीने ती हातात घेतली, क्षणभर वर बघितलं आणि स्वतःच्या पेनने श्री लिहून घेतलं.

या जूनमध्ये जॉर्डनमधल्या अम्मानहून पोस्टाने पुठ्ठ्याची एक लांब नळी आली. नागरिकत्वाची शपथ घेऊन मला तीन महिने झाले होते. नळीत नकाशा होता, आणि हम्वींच्या मुलीचं, रीमचं, इंग्रजी पत्र.

बाबा एप्रिलमध्ये गेले, तिने लिहिलं होतं. हा नकाशा तेव्हा तपासून परत मिळाला, आणि आम्ही ह्यूस्टन सोडून आलो तेव्हापासून अम्मानच्या घरात शेवटपर्यंत त्यांच्या पलंगासमोर होता. आखातातल्या वाहिन्यांचं काम सुरू झाल्याचं वाचलं, तेव्हा त्यांनी हिरव्या रेघांवर लाल पेन फिरवायला घेतलं. हात थरथरत होता, त्याबद्दल माफ करा.

पुढे होतं: “त्या वेळी त्यांना चार वेळा बोलावून कोपऱ्यातल्या अक्षराबद्दल विचारलं. बाबा दर वेळी म्हणाले, नकाशा मीच काढलाय, ते अक्षर नाही, पेन चालतं का बघायला मीच मारलेली रेघोटी आहे. आई चिडली, तेव्हा म्हणाले, दिगंबरची मुलगी लहान आहे, त्याचे कागद अडकलेत, मी सांभाळून घेईन. तुम्हाला यात कुणी ओढलं नाही, याचं त्यांना शेवटपर्यंत समाधान होतं.”

मी पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, परत काढलं, आणि मालिनीपुढे धरलं. ती वाचून स्वयंपाकघरात निघून गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तर तो पुन्हा गुंडाळला जायला लागला. चौदा वर्षांची अदिती धावत आली आणि तीन कोपऱ्यांवर तिने बीन्सचे डबे ठेवले. चौथा मी दाबून धरला होता.

“सो कूल! बाबा, पण बॉर्डर्स कुठे आहेत?”

“नाहीयेत.”

ती ओमानकडून सरकत वर आली. लाल रेघांची थरथर तिने बोटाने गिरवली. मग माझ्या हातापाशी थांबली.

“बाबा, हात काढ ना. तिथे काहीतरी लिहिलंय.”

मी हात काढला.

“श्री! आईच्या लिस्टवर असतं तसं.” तिने माझ्याकडे बघितलं. “हे कुणी लिहिलं?”

“मी,” मी म्हणालो. “नकाशाही मीच काढलाय.”

“ओके,” अदिती म्हणाली, आणि चौथ्या कोपऱ्यासाठी डबा आणायला गेली.