दुसरा चमचा

मास्तरांनी आयुष्यात कुणाला धडा शिकवला नव्हता. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते कापड बेतायचे आणि कापायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सहा वर्षांपूर्वी मूत्रपिंडं अधू झाल्याचं कळलं, तेही त्यांनी निमूटपणे पदरात घेतलं. मीठ सुटलं, पाणी मोजून प्यायला लागले. पण गेल्या वर्षी झोप उडाली आणि तिथे मात्र मास्तर टेकीला आले.

अंथरुणाला पाठ लागली की पोटऱ्यांत मुंग्या धावायच्या. उठून येरझाऱ्या घातल्या की थांबायच्या, पडलं की पुन्हा सुरू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आजारात होतं असं. झोपेची गोळी तुम्हाला सहजासहजी देता येत नाही. चहा कमी करा, दुपारी झोपू नका." चहा तर मास्तरांनी कधीच सोडला होता. आणि दुपारी त्यांच्या हातात कात्री असायची.

त्याच कात्रीने एक दिवस घात केला. एकाच बाजूने वापरायचं कापड त्यांनी दुमडायचं विसरून सरळच अंथरलं आणि चाळीस बाह्या कापल्या. चाळीसच्या चाळीस डाव्या. मशीनवरची बाई हसून हसून बेजार. "मास्तर, उजवे हात काय खिशात घालून फिरणार का हो सगळे?" मास्तरही हसले. मग ताग्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, कारण डोळ्यांचं पाणी खळेना.

हे ताईच्या कानावर गेलं. ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. ती दोन दिवसांत झोपेसाठी कसल्याशा जडीबुटीच्या गोळ्यांची बाटली घेऊन हजर झाली. त्या गोळ्यांनी तीन रात्री बरी झोप लागली, चौथ्या रात्री ये रे माझ्या मागल्या. मग तिने पांढऱ्या पावडरीचा मोठा डबा आणला.

"मॅग्नेशियम आहे. पाय शांत होतात, झोप लागते. माझ्या शेजारणीला लागली."

"डॉक्टरांना विचारायला नको?"

"अरे, हे औषध थोडंच आहे? भाजीपाल्यात असतं तेच. पूरक म्हणतात याला."

मास्तरांच्या बायकोच्या कपाळाला आठी पडली, पण तिने डबा उचलून फळीवर ठेवला. नवऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिलाच रोज बघावी लागत होती.

पहिल्या आठवड्यात पाय जरा निवले. दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी आपल्याच मनाने एकाचे दोन चमचे केले, आणि काय सांगावं! सहा सहा तास झोप. सकाळी आरशात बघून ते बायकोला म्हणाले, "अगं, हा माणूस ओळखीचा वाटतोय." ताईला फोन करून तर ते लहान मुलासारखे बोलत सुटले. ती पलीकडे रडत होती.

मग झोप दिवसाही यायला लागली. जीभ जड झाली. एकदा कात्री बोटांतून गळून पडली, आणि दोन दिवसांनी जिन्यात पायांतलं बळच गेलं. दवाखान्यात नेलं, तर रक्तदाब तळाला गेलेला.

"ठरल्या औषधांशिवाय आणखी काही घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

बायकोने पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

बाईंनी लेबल वाचलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "धडधाकट माणसाची मूत्रपिंडं हे बाहेर टाकतात. तुमची टाकत नाहीत. साठत गेलं ते. चार दिवस आणखी गेले असते तर हृदयावर बेतलं असतं."

मास्तरांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "पण झोप लागत होती, बाई. ती खरी होती ना?"

"थोडी असेल खरी. बाकी गुंगी."

"मग आता काय घेऊ?"

"पायांसाठी एक औषध बघू. पण आधी हे उतरू दे. आणि त्याचा गुण येईलच, असं सांगत नाही."

तीन दिवसांनी घरी सोडलं. ताई आली, ती उंबऱ्यातच थबकली. बायको ताईकडे न बघताच पाण्याचा पेला ठेवून आत निघून गेली.

"मी आणलं रे ते," ताई म्हणाली. "माझ्या हाताने."

"दोन चमचे मी केले."

"पण आणलं मी."

ताईने त्यांच्या पायाशी बसून पोटऱ्या चेपायला घेतल्या. तिचे हात सांधेदुखीने वाकडे झाले होते, पण मास्तरांच्याने तिला थांबवणं होईना. थोड्या वेळाने तिने विचारलं, "डोळा लागतोय का?"

"लागतोय," मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ती दाबत राहिली. आतल्या खोलीत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेर अजून लख्ख उजेड होता, आणि मिटल्या डोळ्यांआड मास्तर टक्क जागे होते.