खाली राहिलेला चष्मा

मित्रांनो, माझ्या या काळ्या, जाड फ्रेमला हसू नका. हसायचेच असेल तर निदान माझी कहाणी ऐकून हसा. मी एक जुना चष्मा आहे. नंबर वजा सहा, काचा बाटलीच्या बुडासारख्या आणि स्वभाव पहिल्यापासून चुळबुळ्या. स्टुटगार्टच्या एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याने १९६१ साली माझ्या काचा घासल्या, तेव्हाच मी त्याच्या बोटांतून निसटलो होतो. स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही.

माझे मालक श्रीपाद देवस्थळी पुण्याहून तिथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करायला आले होते. विषय होता पॅराशूटचे कापड. दिवसभर ते कापड ताणायचे, फाडायचे, आणि मी नाकावर बसून त्यातला एकेक धागा त्यांना दाखवायचो. एकदा प्रोफेसरांनी त्यांच्या नजरेचे फार कौतुक केले. नजर कुणाची, ते मला ठाऊक होते! पण टेबलावर पसरलेले कापड पाहून माझे समाधान होईना. हवा भरल्यावर ते दिसते तरी कसे? श्रीपादरावांच्या डोक्यातही तोच किडा वळवळू लागला आणि त्यांनी नेकारसुल्म गावाजवळच्या एका पॅराशूट क्लबात नाव घातले.

तिथे आधी डॉक्टरांची तपासणी होती. चष्मेवाल्याला हे लोक विमानाजवळ फिरकूही देणार नाहीत, असे श्रीपादरावांनी मनाशी ठरवूनच टाकले. कुणाला विचारले नाही. मला कोटाच्या खिशात कोंबले आणि रांगेत उभे राहिले. दार उघडेच होते. आत पुढचे उमेदवार भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरे मोठ्याने वाचत होते. लहानपणी रोज दिवेलागणीला पाढे आणि रामरक्षा घोटलेला गडी तो! आपली पाळी येईपर्यंत अख्खा तक्ता तोंडपाठ. आत जाऊन पार शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा म्हणून मोकळे झाले. डॉक्टर खूश! मी खिशात जळफळत होतो. पाठांतराने परीक्षा पास होते हो, जमीन दिसत नाही.

उडीच्या दिवशी त्यांची पत्नी वसुधा डबा घेऊन मैदानावर आली. श्रीपादरावांनी मला हळूच तिच्या हातात दिले.

"अहो, चष्मा माझ्याकडे कशाला?"

"वर चालत नाही गं. आणि डॉक्टरांनी डोळे एकदम उत्तम म्हणून सर्टिफिकेट दिलंय."

"उत्तम? परवा चष्मा नव्हता, तर जिन्यातल्या कोटस्टँडला गुटेन मॉर्गन म्हणालात तुम्ही!"

"वसू, हळू बोल. हेर केसलर ऐकतील."

हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, आणि हे केसलर म्हणजे उडी शिकवणारे. त्यांना मराठी कुठून कळणार? ते गवतावर लाल कापडाचा मोठा बाण अंथरत होते. उतरणाऱ्याने वरून बाण पाहायचा आणि बाण वळेल तिकडची दोरी ओढायची, अशी तिथली पद्धत. हे ऐकले आणि माझ्या काड्या थरथरू लागल्या. आमच्या श्रीपादरावांना बाण सोडा, मैदानसुद्धा हिरव्या चटणीसारखे दिसणार होते!

विमान वर गेले. एक ठिपका बाहेर पडला आणि विमानाला बांधलेल्या दोरीने छत्री आपोआप उघडली. वसुधाने सुस्कारा सोडला. पण वारा त्यांना द्राक्षांच्या मळ्याकडे ढकलू लागला. मळ्यात वेलींसाठी टोकदार खुंट ठोकलेले होते, ओळीच्या ओळी. केसलरांनी धावत जाऊन बाण डावीकडे वळवला. छत्री वळेना. सगळे "लिंक्स! लिंक्स!", म्हणजे डावीकडे, असे ओरडू लागले आणि त्या गोंगाटात एक शब्द धड कळेना. छत्री खाली खाली येत होती. वसुधाने मला इतके आवळले, की माझी एक काडी वाकली.

"अहो!" ती ओरडली. "अहो, इकडे!"

छत्री सरळ खुंटांकडेच चालली होती. मग तिने सगळा श्वास गोळा केला.

"श्रीपाद! डावी दोरी ओढ! श्रीपाद, डावी!"

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिने कधी उच्चारले नव्हते. छत्री गर्रकन वळली.

ते मळ्याच्या अगदी कडेला आदळले. जमीन कधी आली हेच न कळल्याने गुडघा चांगलाच दुखावला. वसुधा धापा टाकत पोचली आणि तिने आधी मला त्यांच्या नाकावर बसवले. हाताच्या अंतरावरचे खुंट त्यांनी तेव्हा पाहिले. त्यांच्या कपाळावरचा गार घाम माझ्या काचांवर ओघळला.

"तुम्ही चष्मा लावता?" केसलर थक्क झाले. श्रीपादरावांनी तक्त्याची सगळी हकीकत सांगून टाकली.

"अहो, मग विचारायचं तरी! चष्मा लावून उडी मारतात की. वरून मोठा गॉगल घालायचा आणि चष्मा मागून घट्ट बांधायचा." मग त्यांचा आवाज चढला. "पण खोटं बोलणाऱ्याला मी विमानात घेत नाही. गुडघा बरा झाला की डॉक्टरांकडे पुन्हा जा. चष्म्यासकट!"

पुढच्या उन्हाळ्यात वसुधाने पायजम्याच्या नाडीने माझ्या काड्या त्यांच्या डोक्यामागे बांधल्या. विमानाचे दार उघडले आणि माझा सारा उतावळेपणा जिरला. घाबरलो मी! पण छत्री उघडली आणि वाऱ्याने फुगलेले ते कापड आम्ही दोघांनी डोळे भरून पाहिले. खाली लाल बाण स्वच्छ दिसत होता. जरा खाली आल्यावर वसुधाही दिसली. दोन्ही हातांनी डोळे झाकून उभी होती. आम्ही तिच्या पुढ्यात उतरलो, तरी हात काढीना.

"वसू, आलो मी. बघ तरी," श्रीपादराव म्हणाले.

आता त्यांनी नवा, हलका चष्मा केला आहे आणि मी ड्रॉवरमध्ये वाकड्या काडीने पडून असतो. इथेही मला चैन नाही. पोरे चिडवतील म्हणून तुमच्यातले काही जण चष्मा दप्तरात दडवतात, असे कानावर येते आणि माझा जीव खालीवर होतो. मित्रांनो, असे करू नका रे. तुम्ही धडपणे परत येईपर्यंत कुणीतरी डोळे झाकून उभे असते.