काय न्हाई

सांगलीत आकारामचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवायच्या जाहिराती, उरुसाचे पुकारे, केबलवर वाजवायची गाणी, सगळं तिथंच भरलं जायचं आणि आवाज असायचा स्वप्नाचा. शहाण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर आष्ट्याचा लालासाहेब तिथं आला. कापडाचं नवं दुकान टाकलेलं, बोटांत अंगठ्या, तोंडभर हसू.

"आवं बाई," तो स्वप्नाला म्हणाला, "आपल्या लहानपणी टीव्हीवर चांदणी पावडरची जाहिरात लागायची, आठवती का? रविवारी सकाळी, पोरांच्या कार्यक्रमाच्या आधी? तीच चाल पायजे. ऐकली की अजून अंगावर काटा येतो बगा."

काटा स्वप्नाच्याही अंगावर आला. समोरचा माणूस कोण, हे तिनं तो दारात उभा राहिला तेव्हाच ओळखलं होतं. त्यानं मात्र तिला ओळखलं नव्हतं.

त्या काळी आष्ट्यात त्यांच्या भागात टीव्ही एकच, लालासाहेबाच्या घरी, पुढच्या सोप्यात. रविवारी अख्ख्या भागातली पोरं तिथं गोळा व्हायची. बौद्धवाड्यातून स्वप्नाही जायची आणि पायरीच्या कडेला बसायची. तिथं बस असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. कार्यक्रमाआधी ती जाहिरात लागायची. चित्रातल्या दोन पोरी, एकीचा झगा डागाळलेला, एकीचा पांढराशुभ्र. 'मळकी गेली धुवायला, चांदणी आली मिरवायला!' एका रविवारी लालासाहेबानं मागं वळून स्वप्नाकडं बोट दाखवलं आणि ओरडला, "ही बगा मळकी!" सोपा हसून लोळला. झगा स्वच्छ होता हो तिचा. बायडाबाईनं, तिच्या आईनं, आदल्या दिवशी घासून घासून धुतलेला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मळकी, नळावर मळकी, दुकानात मळकी. एकदा तर गुरुजीच हजेरी घेताना मळकी म्हणून गेले आणि वर हसले. स्वप्नानं टीव्हीला जाणं सोडलं. बाहुल्यांच्या त्या कार्यक्रमातलं कोकरू घर शोधत हिंडायचं. त्याला घर मिळालं की नाही, ते तिला आजतागायत माहीत नव्हतं. चौथी झाल्यावर बायडाबाईनं तिला सांगलीला मामाकडं धाडलं. पण तिच्या वयाच्या चार बाया जमल्या की "आठवतंय का गं ते कोकरू?" सुरू व्हायचं, डोळे पाणवायचे, आणि स्वप्ना चहा ठेवायचं निमित्त काढून उठायची. सगळ्यांना पुरलं ते लहानपण हिच्या वाट्याचं ह्या मेल्यानं गिळलं होतं.

आणि तो आता खुर्चीत रेलून त्याच लहानपणाचे गोडवे गात होता. "लय मजा यायची बगा! आमच्यात एक पोरगी होती, तिला आमी मळकी म्हणायचो. अशी रडायची, अशी रडायची..." तो पोट धरून हसला.

"नाव काय तिचं?" स्वप्नानं विचारलं.

तिचा राग त्या क्षणी दाराशी थांबला होता. त्यानं नाव सांगितलं असतं, तर कदाचित तो राग तिथूनच माघारी गेला असता.

"नाव?" लालासाहेबानं डोकं खाजवलं. "कुणाला ठावं. मळकीच की!"

स्वप्ना उठली. चालीत बसेल असं गाणं तिनं उभ्या उभ्या जुळवलं: 'सांगा आक्का, सांगा ताई, लालासाहेबाकडं काय न्हाई?' लालासाहेब खूश झाला. एकदम गावरान! आपल्याकडं काय नाही, म्हणजे सगळंच आहे.

आता आष्ट्याकडचं कुणीही सांगेल, सगळी गंमत जोर कुठं द्यायचा त्यात असते. 'काय' वर जोर दिला आणि शेवट वर चढवला, तर दुकान भरलेलं. जोर 'न्हाई' वर दिला आणि शेवट खाली टाकला, तर दुकान रिकामं. स्वप्नानं माइक पुढं घेतला आणि लालासाहेबाच्या डोळ्यांसमोर 'न्हाई' दणकून खाली आपटला.

आकारामनं चमकून तिच्याकडं पाहिलं. "साहेब, परत एकदा ऐकून घ्या," तो काळजीनं म्हणाला. लालासाहेबानं डोळे मिटून परत ऐकलं. तो ऐकत होता फक्त चाल. चालीत त्याचा सोपा होता, रविवार होता, हसणारी पोरं होती. शब्दांकडं लक्ष द्यायला तो जाग्यावर होताच कुठं? "वा!" तो म्हणाला, "डोळ्यांत पाणी आणलंत बाई!" आणि कॅसेट खिशात घालून गेला.

आष्ट्याच्या बाजारात रिक्षा फिरली आणि पोरांनी गाणं उचललं. एकानं 'लालासाहेबाकडं' म्हणायचं, बाकीच्यांनी 'काय न्हाई!' बायका उंबऱ्यावरूनच विचारू लागल्या, "आवं, लुगडी तरी हायत का, का त्येबी न्हाईत?" म्हाताऱ्या पत्ता विचारायच्या तो 'काय-न्हाई'च्या दुकानाचा. ऐन दिवाळीत लोक चेष्टा करायला दुकानात शिरायचे आणि खरेदी शेजारी करायचे.

लालासाहेब तणतणत सांगलीला आला. स्वप्ना त्याच्यासमोर शांत उभी राहिली.

"तुमीच दोनदा ऐकलंत," ती म्हणाली. "आणि मी स्वप्ना. बायडाबाईची. तुमच्या सोप्याच्या पायरीवरची."

त्याचा चेहरा उतरला. मग तो ओशाळं हसला. "अगं, ते लहानपणीचं गं! पोरं म्हणत्यात, हसत्यात. इतकं मनाला लावून घेत्यात व्हय?"

"मग तुमी कशाला घेता? पोरंच तर म्हणत्यात."

लालासाहेबानं आकारामकडं पाहिलं. आकारामनं वायरी गुंडाळायला घेतल्या.

"नवी कॅसेट भर," लालासाहेब गयावया करू लागला. "स्वप्ना... स्वप्नाताई, येवढं ऐक."

नाव शेवटी आलं त्याच्या तोंडी, पण अडल्यावर आलं. स्वप्नाला त्याची अजिबात कीव आली नाही. उलट, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

"भरते की," ती म्हणाली. "म्हणाल तेवढ्या भरते. पण नाव पडलं की निघत न्हाई, लालासाहेब. मी लय घासून बघितलंय."