त्रासाची सरासरी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधली वाट भरली, आणि उशिरा आलेले लोक दारातून माना उंचावून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर दोनच स्तंभ होते. 'उपचाराआधी' लिहिलेला लाल स्तंभ छताला भिडलेला, आणि 'उपचारानंतर'चा हिरवा जमिनीवर बसलेला.

"मी काही म्हणत नाही," लहरीबाबा म्हणाले. ज्याला काही म्हणायचं नसतं, तो माइक इतका घट्ट धरत नाही. "आकडे म्हणतात. त्रासाची सरासरी चार पूर्णांक एकवरून दोन पूर्णांक सहावर आली. ज्यांना बाबा पटत नाही, त्यांनी निदान गणित तरी मानावं."

बाबांचा उपचार सोपा होता. तांब्याच्या पत्र्यावर अनवाणी उभं राहायचं, की शरीरातल्या बिघडलेल्या लहरी पत्र्यात उतरतात. पत्रा अर्थात बाबांकडूनच घ्यायचा. आणि गोळ्या बंद करायच्या, कारण गोळ्या म्हणे लहरींची वाट अडवतात.

मी शाळेत गणित शिकवते. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण 'सगळ्यात जास्त गुण आलेल्या आई' म्हणून बाबांनी जिला मंचावर बोलावलं, ती माझीच आई होती. आणि तो आलेख काढला होता माझ्या दादाने. दादा एका सर्वेक्षण कचेरीत हेच काम करतो. बाबांचं काम कचेरीकडे आलं आणि दर महिन्याला त्याच्या टेबलावर पडू लागलं. आता तो माझ्या शेजारी बसून स्वतःची कारागिरी बघत होता.

मंचाच्या पायऱ्या चढताना आई मध्येच थांबली आणि तिने कपाळ दाबलं.

"हिला काय होतंय?" मी विचारलं.

"डोकं दुखतंय म्हणत होती सकाळी," दादा म्हणाला. "झोप झाली नसेल."

"सांगा आई," बाबांनी माइक पुढे केला, "पहिल्यांदा कुठल्या आकड्यावर खूण केली होतीत?"

"पाचावर."

"आणि आता?"

"एकावर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आई भोळी आहे, पण तिला अर्धवट बोलायची सवय नाही. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "पाच म्हणजे रक्तदाब होता ना. आता डोकंच फार ठणकतंय, म्हणून एकावर केली. एक म्हणजे डोकेदुखी."

बाबांनी चपळाईने माइक काढून घेतला. इकडे दादा पांढराफटक पडला होता.

"तुला काय वाटलं होतं?" मी विचारलं.

"माझ्याकडे नुसता आकड्यांचा रकाना आला. वर 'त्रास', खाली एक ते पाच. मला वाटलं, एक म्हणजे कमी, पाच म्हणजे फार."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

म्हणजे प्रश्न 'त्रास किती' असा नव्हताच, 'त्रास कशाचा' असा होता. आईच्या पिशवीतला बाबांचा छापील कागद मी उघडून पाहिला: डोकेदुखीला एक, झोपेला दोन, पचनाला तीन, साखरेला चार, रक्तदाबाला पाच. बाबा लबाड होते, मूर्ख नव्हते. रक्तदाब आणि साखर आतल्या आत पोखरतात, एरवी जाणवतही नाहीत. 'आता जे जाणवतं तेवढंच सांगा' म्हटलं, की माणूस पाचावरून खाली उतरणारच. गोळ्या सोडून डोकं फुटायची वेळ आली, तरी हिशेबात तो बरा झालेला.

"आणि हिरवा एवढा बुटका कसा? लालच्या निम्म्याहून उंच हवा."

दादा पायांकडे बघत बोलला. "अक्ष शून्याऐवजी अडीचपासून सुरू केलाय. बाबांचा माणूस म्हणाला, खालची जागा वाया जाते. ते चूक आहे हे मला कळत होतं. तरी केलं."

मी उठणार, तोच तो उठला. हा माणूस घरी पाहुणे आले तरी आतल्या खोलीत जाऊन बसतो. तो मंचावर चढला आणि बाबांच्या हातातून त्याने माइक घेतला.

"हा आलेख मी काढलाय, आणि तो खोटा आहे," दादा म्हणाला. "काही गोष्टी मोजायच्या असतात, काहींना नुसता ओळखीपुरता नंबर दिलेला असतो. दोन नंबरची बस आणि चार नंबरची बस मिळून सरासरी तीन नंबरची होत नाही. मी इथे दुखण्यांच्या नावांची सरासरी काढली."

"बाळा, तुझ्या लहरी बिघडल्यात," बाबा म्हणाले. थोडे लोक हसले.

"असतील. माझ्या आईचा रक्तदाब कुणीतरी मोजा."

दारातल्या गर्दीतून एक नर्स पुढे आली. कामावरून थेट आली होती, यंत्र पिशवीतच होतं. तिने आईच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा मोजला. मग दादाला हळूच म्हणाली, "यांना आडवं करा आणि गाडी बोलवा."

माइक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"अजून कोणी गोळ्या सोडल्यात?" दादाने विचारलं. एक हात वर झाला, मग दुसरा, मग रांगच्या रांग. ते हात बघताना दादाचा चेहरा मला बघवेना. बाबा केव्हा निघून गेले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्यात दादा आईच्या उशाशी बसला. "कशाला ऐकलंस त्या बाबाचं?"

"त्याचं कोण ऐकतंय," आई म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "पहिल्या महिन्याचं चित्र तूच नाही का दाखवलंस मला? म्हटलं, तू काढलंयस म्हणजे मोजूनच काढलं असशील."

दादा उठून बाहेर गेला. मीही काही कमी नव्हते. बाबाची टिंगल करण्यात मी इतकी रमले होते, की आई गोळ्या घेते का हे एकदाही पाहिलं नाही.

लोकहो, पत्रे विकणारे येतच राहतील. आता ते राखेऐवजी आलेख दाखवतील, एवढाच फरक. चित्र कितीही देखणं असो, दोन प्रश्न विचारा. हे मोजलंय, की नुसता नंबर दिलाय? आणि शून्य कुठे आहे? आपल्या माणसाने काढलं असेल तर जास्तच विचारा, त्याचा अपमान होत नाही.

आई वाचली, पण तिचा डावा हात अजून उचलत नाही. कचेरीत जाण्याआधी दादा तिची वेणी घालतो. "वाकडी आली तरी चालेल रे," ती म्हणते. तो सोडतो आणि पुन्हा घालतो.