काळ्या दोऱ्याने टाचलेला गोंडा

मित्रांनो, कोणी बसलेले नसतानाही माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात. मी व्हिएन्ना शहरातला एक जुना कोच आहे, आणि स्वस्थ पडणे मला कधी जमलेच नाही. सुताराने मला अक्रोडाच्या लाकडात घडवले, हिरवी मखमल चढवली, कडेला रेशमी गोंडे लावले. मी अगदी मिजाशीत होतो.

मला मनाच्या डॉक्टर लिंटनरबाईंनी घेतले. आलेले माणूस माझ्यावर आडवे होई. बाई त्याच्या उशामागे, त्याला दिसणार नाहीत अशा बसत. मनात येईल ते बोलायचे, एवढाच नियम होता.

एकदा कोर्टाने हेर्मिनेला पाठवले. ती टोप्या शिवायची आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत हातमोजे चोरायची. पुन्हा सापडली तर तुरुंग ठरलेला होता. ती नुसती हवापाण्याचे बोले आणि बोटांनी माझा गोंडा पिळत राही. तिच्यामुळे मलाही चैन पडेना.

एके दिवशी तिने तो गोंडा तोडला आणि खिशाबाहेर लोंबत ठेवून ती निघाली. मी भयंकर चिडलो.

दारात कोट घेऊन उभ्या असलेल्या मोलकरणीने ते पाहिले. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी आहे ही. बाई, पोलिसांना बोलवा."

बाईंनी दार लावून घेतले. "हेर्मिने, अजून वेळ आहे. पडा जरा."

"ओरडा की मला. गप्प काय बसता?"

"कशासाठी ओरडू?"

ती धपकन माझ्यावर पडली. "पोल्डी, माझा धाकटा भाऊ. आई सारखी त्यालाच घेऊन बसायची. मी म्हटलं, मर एकदाचा. आणि तो तापाने गेला. सगळ्यांनी मलाच जवळ घेतलं हो. एक थोबाडीतसुद्धा कोणी मारली नाही."

"म्हणून ती थोबाडीत दुकानदाराकडून खायची होती?"

तिने खिशातला गोंडा काढून मुठीत घट्ट धरला.

"तो तापाने गेला, हेर्मिने. अपराधी वाटणं तेव्हापासूनचं आहे. चोरी फार नंतरची."

ती इतकी रडली की माझी मखमल भिजली. पोलीस यावेत असे मलाही वाटले होते, त्याची मला लाज वाटली. मग तिने कॉलरला टोचलेली सुई काढली आणि गोंडा जागेवर टाचला. तिच्याजवळ काळाच दोरा होता.

पुढे वर्षभर ती येत राहिली. पुन्हा कुठे पकडली गेली नाही.

नंतर बाईंना शहर सोडावे लागले. नव्या भाडेकरूने मला माळ्यावर ढकलले. मखमल उंदरांनी खाल्ली, पण तो गोंडा अजून घट्ट आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. पण एखादे माणूस मार खायला पुन्हापुन्हा पुढे येत असेल, तर हात उगारण्याआधी घटकाभर त्याच्या उशाशी बसा.