तिसरं फाटक

मी एक जुनी गाडी बोलतेय. डाव्या अंगाला थोडी चेपलेली, मूळची पांढरी, आता तांबड्या धुळीच्या रंगाची. कितीही धुतलं तरी माझ्या बिजागऱ्यांतून ही धूळ निघत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती आता शोभते.

माझी पहिली सोळा वर्षं ॲडलेडमधल्या एका बेकरीत गेली. पहाटे पाव भरायचे, दुपारपर्यंत रिकामं व्हायचं. मग मला लेस्टरने घेतलं. तो शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाला होता. त्याने माझ्या पोटात पलंग बसवला, गॅसची शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली. उन्हात मी तापले की आतून अजून पावाचा वास येतो, असं त्याची बायको वेरना म्हणते. त्या वासाने तिला भूक लागते आणि लेस्टरला झोप.

आमच्या फिरण्यात कामं ठरलेली होती. लेस्टरने चालवायचं आणि वेरनाने डावीकडे बसून नकाशा बघायचा. समोरून गाडी आली की लेस्टर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, समोरचाही उचलायचा. बस, एवढीच ओळख. दिवसाला तीन बोटं उचलली गेली तर त्या रात्री वेरनाच्या वहीत ‘आज रस्त्यावर गर्दी’ अशी नोंद व्हायची. आणि गुरांच्या कुंपण घातलेल्या रानातून जाताना रस्त्यात फाटक आलं की उतरायचं वेरनाने. ते डावीकडच्या माणसाचंच काम. दहा वर्षांत लेस्टरने एकाही फाटकाला हात लावलेला नव्हता.

त्या मार्चमध्ये वेरनाचा घोटा मुरगळला. पाय पट्टीत बांधून, समोरच्या फळीवर टेकवून ती बसली होती.

“आज फाटकं तुझ्याकडे, साहेब,” ती म्हणाली.

“त्यात काय शिकायचंय? उघडायचं, जायचं, लावायचं.”

“बघू.” एवढं बोलून तिने टोपी तोंडावर ओढली.

सकाळ छान होती. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा होत्या आणि माझ्या पोटातली भांडी टाळ वाजवत होती. चार एमू आमच्याबरोबर शर्यत लावून धावले आणि अचानक कंटाळून थांबले. पहिलं फाटक लागलं. लेस्टर उतरला, उघडलं, मला पलीकडे घेतलं, लावलं. दुसऱ्यालाही तसंच केलं. शीळ घालतच तो परत येऊन बसला.

मग एक पवनचक्की लागली, तिच्या पायाशी पाण्याने भरलेला हौद होता. पुढे अर्ध्या किलोमीटरवर तिसरं फाटक. ते सताड उघडं होतं. पलीकडे विरळ झाडांच्या सावलीत गुरं बसली होती. लेस्टरने मला पार नेलं, थांबवलं आणि तो मागे चालत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा बोटं खरचटलेली आणि चेहरा कृतकृत्य. वेरना घोरत होती. मला काहीतरी खटकलं, पण गाडीला खटकलं तर ती फार तर खडखडते, आणि खडखडाटाकडे त्या रस्त्यावर कोण लक्ष देतो?

चाळीस किलोमीटर पुढे, एका कोरड्या ओढ्याशी आम्ही जेवायला थांबलो. तारेच्या कडीच्या डब्यात चहा उकळला. वेरनाने वही काढली. ती सगळं लिहिते, फाटकंसुद्धा.

“पहिलं?”

“बंद होतं, बंद केलं.”

“दुसरं?”

“तेच.”

“तिसरं?”

“कुणीतरी वेंधळ्याने उघडं टाकलं होतं. मी लावलं.”

वेरनाचं पेन थांबलं. “उघडं टाकलेलं की उघडं ठेवलेलं?”

“त्यात फरक काय?”

“नुसतंच उघडं होतं का?”

“खांबाला तारेने बांधलेलं. चांगली घट्ट. सोडायला दहा मिनिटं लागली मला.”

वेरनाने कप खाली ठेवला. “लेस, वेंधळा माणूस तारेने फाटक बांधतो? गुरं कुठे होती?”

“पलीकडे.”

“आणि पाणी?”

 लेस्टर कपातल्या माशीकडे बघत राहिला. ऊन बेचाळीसवर गेलेलं.

“रानवाले येतीलच फिरत,” तो शेवटी म्हणाला. “परत जाऊन यायचं म्हणजे ऐंशी किलोमीटर. संध्याकाळपर्यंत मुक्कामाच्या घळीत पोचणार नाही. तिथला सूर्यास्त बघायला दोन वर्षं थांबलोय आपण.”

“सूर्य उद्याही मावळेल. उद्यापर्यंत ती वासरं टिकतील का, ते सांग.”

लेस्टरने उरलेला चहा विस्तवावर ओतला आणि मला वळवलं.

तो रस्ता सकाळी जितका लांब होता, त्याच्या दुप्पट वाटला. भांडी वाजत होती, पण कोणी शीळ घालत नव्हतं. समोरून एक ट्रक आला आणि लेस्टर बोट उचलायचं विसरला. असं पहिल्यांदाच झालं.

फाटकाशी गुरांची भिंत उभी होती. साठ-सत्तर तोंडं, सगळी हौदाच्या दिशेने. एक गाय फाटकाच्या पट्टीवर मान टाकून उभी होती. तिचं वासरू खाली बसलेलं, उठत नव्हतं.

“हॉर्न नको. हळू जा त्यांच्यातून,” वेरना म्हणाली.

लेस्टर चालत गेला, कुल्ल्यांना थापा मारत, “सरक ग बाई, सरक,” करत. साखळी काढून त्याने फाटक पलीकडे ढकललं. धूळ एवढी उठली की मला तो दिसेनासा झाला. निवळली तेव्हा वासरू तिथेच होतं. लेस्टरने माझ्या टाकीतलं पाणी टोपीत घेतलं, ते त्याच्या तोंडाशी धरलं. तीन टोप्या झाल्या. मग ते आधी मागून उठलं, मग पुढून, आणि लेस्टरला ढुशी देऊन आईमागे गेलं.

तेवढ्यात रानवाल्यांची एक बाई गाडी घेऊन आली. जोलीन तिचं नाव. तिच्या कुत्र्याने उतरल्या उतरल्या माझं मागचं चाक भिजवलं. लेस्टर तार हातात घेऊन उभा होता.

“काय झालंय इथे, काका?”

‘आम्ही आलो तेव्हा बंदच होतं,’ असं म्हणता आलं असतं. कोण बघायला होतं?

“मी लावलं होतं,” लेस्टर म्हणाला. “सकाळी. उघडं टाकलंय असं वाटलं.”

जोलीनने हौदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “गुरांच्या बाजूची विहीर आटलीय. मी उद्या येणार होते. तार सोडायला किती वेळ लागला?”

“दहा मिनिटं.”

“मग बांधा. दहा मिनिटांच्या आत सुटली तर तुम्हाला शोधत येईन.”

तो सूर्यास्त आम्ही हौदाकाठी पाहिला, गुरांच्या पाठींवरून.

आता मी एकतीस वर्षांची आहे. वेरनाचा घोटा केव्हाच बरा झाला, पण स्टिअरिंगवर आता ती बसते, आणि डावीकडून लेस्टर उतरतो. उतरून आधी तो नुसता उभा राहतो. कमरेवर हात ठेवून फाटकाकडे बघतो, मग पाण्याकडे, मग गुरांकडे. वेरना घाई करत नाही आणि मीही माझी घरघर आवरते. माझ्या चाकांत अजून एखादी लांबची वाट असेल. तुम्ही कधी तिकडे गेलात तर तुम्हीही तेवढंच थांबा.

त्या दिवसाचं पान वेरनाने फाडून माझ्या काचेखाली चिकटवलंय. उन्हाने शाई फिकटली, तरी वाचता येतं: ‘तिसरं फाटक. उघडं होतं. उघडं ठेवलं. दुसऱ्या खेपेला.’