नंदकुमारची चाकं

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. मला भाऊ नाही, म्हणून विधी चुलतभाऊ नंदकुमारच्या हातून चालले होते. पिंड ठेवून पाऊण तास झाला होता आणि कावळे भिंतीवर बसून आमच्याकडे नुसते बघत होते. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द द्यायचा असतो. जमलेल्यांनी भराभर दिले. माझं लग्न लावून देऊ, आईला सांभाळू, गावच्या घराची कौलं बदलू. कावळे ढिम्म. शेवटी नंदकुमार हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला मी आणलेली चाकं बसवतो."

कावळा उतरला.

त्याच क्षणी गुणाजीकाका, म्हणजे नंदकुमारचे वडील, आपली काळी छत्री मिटून पिंडापासून बाजूला झाले होते. हे मी पाहिलं. पण त्या दिवशी आई पहिल्यांदा नीट जेवली, तेव्हा छत्रीचा विषय मी काढला नाही.

बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या साहेबाने मागे टाकलेली दोन माणसांची लाल स्पोर्ट्स गाडी त्यांनी भंगारातून वाचवली आणि नऊ वर्षं खपून चालती केली. त्यांचा नियम एकच होता, गाडी विलायतेहून आली तशीच राहिली पाहिजे. वायपर मोडला तेव्हा त्यांनी इथला लावला नाही. विलायतेला पत्रं लिहिली आणि उत्तर येईपर्यंत दोन पावसाळे गाडी बाहेर काढली नाही.

अशा माणसाला नंदकुमारने सिंगापूरहून चार रुंद, चकचकीत चाकं आणून दिली. तो बोटीवर नोकरीला आहे आणि मनाने फार चांगला आहे. बाबा म्हणाले, झकास. मग चाकं पलंगाखाली सरकवली. दर दिवाळीला नंदकुमार विचारी आणि दर दिवाळीला बाबा सांगत की बरोबर मापाचे नट मिळत नाहीत. नट कपाटात होते. ते ठेवायला मीच त्यांना डबा दिला होता.

तेराव्यानंतरच्या रविवारी बाबांचा मित्र हरेश्वर मेकॅनिक जॅक घेऊन आला. सकाळी अकरापर्यंत चाकं बसली. दिसायला ती बरी दिसत होती, म्हणजे एखाद्या हेडमास्तरांनी लग्नातले बूट घालावेत तशी. मग हरेश्वरने स्टिअरिंग वळवलं आणि टायर मडगार्डला अडकला. दुसऱ्या बाजूला वळवलं, तिकडेही तेच. मडगार्डचा दोन बोटं पत्रा कापावा लागेल, असं त्याने सांगितलं आणि आमच्याकडे न बघता कात्री काढली.

"कापायचं नाही," मी म्हटलं.

"कावळो शिवलो मां?" गुणाजीकाका म्हणाले. "मगे आता शब्द फिरवूक येवचो नाय."

"शब्द चाकं बसवायचा होता, काका. पत्रा कापायचा नव्हता."

काकांचं म्हणणं पडलं की बसवली म्हणजे चालवली पाहिजे, निदान गणपतीच्या देवळापर्यंत तरी. नंदकुमारचा चेहरा उतरला होता. आई दारात उभी होती. मी हरेश्वरला विचारलं, गाडी सरळ जाईल का. तो म्हणाला, सरळ ठाण्यापर्यंत जाईल, फक्त वळवू नकोस. आमच्या गल्लीतून देवळापर्यंत रस्ता सरळच होता, मध्ये एक कोपरा सोडून.

"आणि कोपऱ्यावर काय करशील गं?" नंदकुमारने विचारलं.

"उचलू."

मी गाडी चालवत होते आणि मागून नऊ माणसं चालत होती. पुढे नंदकुमार, भादरलेल्या डोक्यावर टोपी घालून. कोपऱ्यावर मी थांबले, उतरले, आणि सगळ्यांनी गाडीचं तोंड धरलं. काका एक-दोन-तीन म्हणाले. अर्ध्यांनी दोनवर उचललं, अर्ध्यांनी तीनवर. गाडी बोटभर सरकली. मागे बस अडली. कंडक्टर खाली उतरला आणि चिडून विचारू लागला की काय चाललंय.

"काकांची शेवटची इच्छा आहे," नंदकुमार टोपी काढत म्हणाला.

कंडक्टरने त्याच्या डोक्याकडे पाहिलं, तिकिटांची पेटी पाठीवर सारली आणि गाडीला हात लावला. दुसऱ्या खेपेला ती वळली. बसमधल्या दोन बायकांनी नमस्कार केला.

देवळापुढे नारळ फुटला. नंदकुमार बराच वेळ चाकांकडे बघत उभा राहिला आणि मग त्याने डोळे पुसले. मला एकदम त्याची माया आली. आता परत कसं जायचं, पत्रा कापायचाच का, हे काका विचारणार एवढ्यात एक हातगाडी येऊन थांबली. तिच्यावर गाडीची जुनी चार चाकं आणि हरेश्वरचा जॅक होता. मागून पदर सावरत आई आली.

"काय गो वयनी, ह्या कित्याक?" काकांनी विचारलं.

"दिलेला शब्द पुरा झाला," आई म्हणाली. "आता ह्यांची चाकं लावा. नंदू, तुझं मन त्यांना मोडवलं नाही रे, इतकंच."

नंदकुमारने हरेश्वरच्या हातातून पाना घेतला आणि पहिला नट स्वतःच सोडवला.

अर्ध्या तासाने आई माझ्या शेजारी बसली. कोपरा जवळ आला तेव्हा तिने हलकेच माझ्या मनगटाला हात लावला.

"इथे ते हॉर्न वाजवायचे," ती म्हणाली.

मी हॉर्न वाजवला आणि वळले.